चकतीभोवतीचं खळं

डॉक्टर प्राणेशनं ती काचेची बशी खिडकीच्या उजेडाकडे धरली तेव्हा रघुनंदनला आधी काही कळलंच नाही. साबुदाण्याची पेज थिजावी तसं बशीत काहीतरी पिवळसर थिजलं होतं, त्यावर पांढुरकी साय धरली होती, आणि त्या सायीत कागदाच्या चिमुकल्या गोल चकत्या रुतून बसल्या होत्या. प्रत्येक चकतीवर एकेका औषधाची अक्षरं होती. "अक्कांच्या लघवीतले जंतू आहेत हे," प्राणेश म्हणाला. "वाढवून पाहिले. चकतीत औषध असतं. ते चाललं तर चकतीच्या भोवतीचे जंतू मरतात आणि तेवढी जागा मोकळी दिसते. पण हे तुला मी काय सांगायचं, रघुअण्णा? तूच तर आम्हाला सांगत आलास." रघुनंदननं मान हलवली. त्यानं आपल्या कंपनीची चकती शोधली. ती सापडली. जंतूंची साय थेट तिच्या कडेला येऊन भिडली होती, काठावर थोडी चढलीही होती. चकती कोऱ्या कागदाची असती तरी याहून वेगळं दिसलं नसतं. प्रयोगशाळेत स्पिरिटचा आणि कसल्यातरी उकडलेल्या मांसाचा वास होता. तो म्हणाला, "बशी जुनी तर नाही ना?" प्राणेशनं बशी खाली ठेवली. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे तो आता शिकला होता.

अशाच एका बशीचा रंगीत फोटो रघुनंदनच्या बॅगेत होता. जाड, गुळगुळीत कागद, मधोमध त्याच्या कंपनीची चकती आणि तिच्याभोवती केवढं तरी मोठं, स्वच्छ, काळंभोर वर्तुळ. औषधाची नवीन गोळी बाजारात आली त्या साली हा फोटो कंपनीनं सगळ्या प्रतिनिधींना वाटला होता, आणि मुंबईहून आलेल्या साहेबानं पढवलं होतं की डॉक्टरसमोर बसलात की तोंड उघडायच्या आधी फोटो उघडा. रघुनंदन तसंच करी. बसवनगुडी, बनशंकरी, पार बोम्मसंद्राच्या कारखान्यांच्या दवाखान्यांपर्यंत तो स्कूटरवरून हिंडला, दवाखान्याच्या बाकांवर रोग्यांबरोबर गुडघ्याला गुडघा लावून बसला, आणि आत बोलावणं आलं की फोटो उघडून त्या वर्तुळावरून सावकाश बोट फिरवत राहिला. डॉक्टर लोक त्याच्या बोटाकडे पाहत. काम फत्ते. कंपनीच्या भाषेत त्या वर्तुळाला भलंमोठं नाव होतं, पण मनात रघुनंदन त्याला खळं म्हणे. लहानपणी गच्चीवर निजायला गेल्यावर अक्का त्याला चंद्राभोवतीचं खळं दाखवी. बघ, चंद्रानं आपल्यापुरतं अंगण सारवलंय, म्हणे, तिथं आत कुणी यायचं नाही. ती शेजारी असली की त्याला अंधाराची भीती वाटत नसे. पुढं चाळिशी उलटल्यावर, टाय लावून, कुणा डॉक्टरच्या टेबलावर बोट फिरवताना त्याला नेमकी ती गच्ची आठवायची आणि बोलणं आपोआप गोड व्हायचं. आपण जे विकतो ते खरं आहे, असं वाटण्याचं सुख फार थोड्या विक्रेत्यांच्या नशिबी असतं. ते सुख त्यानं भरपूर भोगलं होतं.

अक्का म्हणजे त्याची आई, अहल्याबाई. घरात धाकट्या दिरांनी आणि भावंडांनी तिला अक्का म्हणायला सुरुवात केली, मुलानं ते ऐकून उचललं आणि मग सुनेपासून फुलवाल्यापर्यंत ती सगळ्यांचीच अक्का झाली. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या कारकुनांचे हे वंशज. फौजा परत गेल्या, कारकून इथंच राहिले. मराठी तेवढी सोवळ्यासारखी घरात सांभाळली. अक्काचं सोवळंही तसंच कडक. एकादशीला पाण्याचा थेंब नाही, औषधाचं तर नावच नको, तिचे यजमान भीमाचार्य यांनी ज्वरात फणफणतानाही एकादशी मोडली नव्हती, तर हिची काय बिशाद. लघवीची जळजळ तिला कित्येक वर्षांची होती. ती व्हायची, जायची, परत यायची. गेल्या महिन्यातल्या एकादशीला संध्याकाळी ती देवघरातून उठली आणि चक्कर येऊन उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. हे सगळ्यात सोपं दुखणं निघालं. हाड बसवलं, टाके वाळले, डॉक्टर खूष झाले. उठता येत नव्हतं म्हणून लघवीला नळी घातलेली होती, ती दोन-चार दिवसांत काढू म्हणाले. तर अक्काच काढू देईना. नळी नसली की बेडपॅन आलं, बेडपॅन आलं की ते द्यायला कुठली कोण आया आली, आणि तिचा हात लागला की आंघोळ. आंघोळ तर आता होणार नाही. मग नळीच बरी. "राहू दे रे ती. कुणाला त्रास नाही, स्पर्श नाही," ती म्हणाली, आणि रघुनंदननं ड्यूटीवरच्या डॉक्टरला जाऊन सांगितलं की राहू दे. त्याची बायको सुप्रीता, तिनंही सुटकेचा श्वास सोडला, कारण आया नको तर मग सूनच. डॉक्टरला काय, त्याचं एक काम वाचलं. नळी राहिली, आणि मग एका दुपारी अक्काला हुडहुडी भरली, ती इतकी की लोखंडी पलंग वाजायला लागला.

सगळ्यांनी एकदम राहू दे म्हटलं की कुणीच काही केलं नाही असं वाटतं. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून रघुनंदन हे मनात घोळवत होता आणि प्राणेश बोलत होता. प्राणेश त्यांच्याच मठातला, घरी मराठी बोलणारा. शिकाऊ डॉक्टर होता तेव्हा कँटीनमध्ये रघुनंदनकडून फुकटचं पेन आणि इडली घेऊन तो ते खळं पाहत बसला होता, आणि आता तोच या मजल्याचा मोठा डॉक्टर होता. "एका चकतीभोवती थोडी जागा आहे बघ," प्राणेश म्हणाला. होती. नखाच्या कडेएवढी. "त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं ना आपण? चार दिवस दिलं. मूत्रपिंडं त्यानं दमली. कालपासून पिशवीत लघवी स्वल्पच येते, ती पण काळी. आता ते दिलं तर ते मारणार, नाही दिलं तर जंतू. रक्तात गेलेत." रघुनंदननं विचारलं, "दुसरं काही?" प्राणेश म्हणाला, "जे मिळतं ते सगळं या बशीत आहे, अण्णा. आणि अक्का एकट्या नाहीत. त्यांच्या ओळीत तीन पलंग, तीन नळ्या, तिघींना हेच जंतू. आमचेच हात फिरतात ना सगळीकडे." तो आपल्या हातांकडे पाहून थांबला. बऱ्या घरचा मुलगा होता, त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याच्या त्या वाटण्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग त्यानं विचारलं, "अक्का आधी घेत होत्या का रे ही गोळी? घरी?"

घेत होत्या का. बसवनगुडीतल्या त्यांच्या गल्लीत ही गोळी न घेतलेलं माणूस दाखव म्हणावं. कंपनी डॉक्टरांना वाटायला नमुन्याची पाकिटं देई, एकेका पाकिटात दोन गोळ्या. उरलेली पाकिटं रघुनंदन घरी आणी आणि अक्का ती देवघरातल्या फडताळात, तीर्थाच्या भांड्याशेजारी, बिस्किटांच्या डब्यात ठेवी. तिथून ती निघत ती पळी-पंचपात्रीच्या तोऱ्यात. गांधी बझारातला फुलवाला मल्लाप्पा घसा धरून आला, दे एक. कुणाच्या मुलाला हगवण, दे एक. कुणाची सून लाजत मागच्या दारानं आली, तिला दोन. घेणारा उजवा हात पुढं करी, खाली डावा धरी, अक्का वरून गोळी सोडी आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून सांगायला येई. पी हळद आणि हो गोरी. पाच-सात दिवस घ्यायची असते गं, असं रघुनंदन पहिल्यांदा म्हणाला होता. त्यावर अक्का हसली होती. "तीर्थ कुणी तांब्याभर पितं का रे? भाव पाहिजे." त्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते कंपनीच्या बैठकीत सांगून हशा मिळवला. स्वतःसाठी तर ती गोळीचे दोन तुकडे करी. जळजळ झाली की अर्धी, थांबली की दुसरी अर्धी डब्यात परत, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. मध्येच एकादशी आली की औषध बंद. डब्याची ती राणी होती. नवऱ्याच्या मागं तिच्याकडे कुणी काही मागायला यायचं उरलं नव्हतं, ते त्या डब्यानं परत आणलं. दारात माणसं उभी राहिली की तिचा चेहरा उजळे, आणि आपल्या आईचा चेहरा आपल्यामुळे उजळतो हे पाहून तो पुढच्या खेपेला आणखी चार पाकिटं आणी. यात वाईट काय होतं, हे त्याला अजूनही नीट सांगता आलं नसतं. अलीकडे दोन-तीन वर्षं डॉक्टर म्हणत, रघुनंदन, तुझी गोळी पहिल्यासारखी लागू पडत नाही रे. त्यालाही पढवलेलं उत्तर होतं. डोस वाढवा सार. घरी मल्लाप्पा म्हणाला, अक्का, या वेळी एकीनं भागलं नाही. अक्कानं दोन दिल्या. कंपनी आणि अक्का यांचं शास्त्र शेवटी एकच निघालं, याचं त्याला आत्ता, या स्टुलावर, हसू आलं. "घेत होती," तो प्राणेशला म्हणाला. "कधीकधी."

बाहेर व्हरांड्यात सुप्रीता फ्लास्क आणि धुतलेलं लुगडं घेऊन बाकावर बसली होती. पलीकडच्या भिंतीशी गळ्यात टाय, पायाशी काळी बॅग अशी तीन पोरं उभी होती, त्याच्याच धंद्यातली, निरनिराळ्या कंपन्यांची. एकानं ओळखून हात उंचावला. रघुनंदननंही उंचावला. "काय म्हणाले?" सुप्रीतानं विचारलं. तो म्हणाला, "काही नाही." तिला कळलं. ती थोडा वेळ फ्लास्कचं झाकण उघडत आणि लावत राहिली. मग म्हणाली, "पाणीच घेत नाहीत त्या. आज एकादशी आहे का, म्हणून सकाळपासून चार वेळा विचारलं. मी काही बोलले नाही." रघुनंदन म्हणाला, "आहे?" सुप्रीता म्हणाली, "आहे ना. माझा पण उपास." तिच्या ओठांना पांढरी पापडी आली होती. सासूसाठी उपास धरणारी ही बाई सासूला गोळी देताना मात्र नेहमी कुरकुर करायची. डॉक्टरकडे न्या त्यांना नीट, म्हणायची, आणि तो म्हणायचा, डॉक्टर काय देणार, हीच देणार. ते ती आता काढील, असं त्याला वाटलं. तिनं काढलं नाही. त्याला ते जास्तच लागलं. "मी सांगतो दशमी आहे म्हणून," तो म्हणाला. सुप्रीतानं चमकून पाहिलं. "साठ वर्षं पाळलंय त्यांनी," ती म्हणाली. "पाणी तरी पिईल," तो म्हणाला, आणि उठला. 

वॉर्डात दुपारचा उजेड पांढराफटक पडला होता. फिनाइलच्या वासाखाली दुसरा एक गोडसर, कुजका वास होता. तो आपल्या आईचा आहे हे नाकानं त्याला आठवडाभरापूर्वीच सांगितलं होतं, मनानं अजून ऐकलं नव्हतं. अक्का लहान झाली होती. ताप उतरून अंग गार पडायला लागलं होतं आणि कपाळावर बारीक घाम होता. पलंगाच्या कडेला लटकलेल्या पिशवीत तळाशी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं काहीतरी होतं. ते न पाहण्यासाठी तो उशाकडच्या बाजूला बसला. शेजारच्या पलंगावर गौरम्मा होती, बोम्मसंद्राच्या कुठल्याशा कारखान्यातल्या वॉचमनची बायको, कन्नड बोलणारी. तिलाही नळी होती आणि तिलाही ताप. पहिल्या आठवड्यात, अक्का बोलत होती तेव्हा, तिनं गौरम्माला आपल्या मुलाच्या गोळीच्या कथा सांगितल्या होत्या. फुलवाला कसा उठला, कुणाचं पोर कसं मरता मरता वाचलं. गौरम्मा ऐकून घेई आणि रघुनंदन आला की त्याच्याकडे देवळातल्या पुजाऱ्याकडे पाहावं तशी पाही.

"रघू," अक्का म्हणाली. आवाज स्वच्छ होता. तो दचकला. "आज तिथी कुठली रे? एकादशी का?" तो म्हणाला, "नाही अक्का. दशमी. एकादशी उद्या." आयुष्यात तिच्याशी तो पुष्कळ खोटं बोलला होता, परीक्षेचं, सिगारेटचं, हॉटेलातल्या कांद्याचं, पण देवाच्या बाबतीतलं हे पहिलं. तोंडातून ते किती सहज निघालं. अक्कानं जरा विचार केला. मग म्हणाली, "मग तुझी मात्रे दे बघू एक. या सुया टोचून टोचून यांना काही येत नाही. तू आपली दे. तिनं बरं वाटतं मला." मात्रे म्हणजे गोळी. कन्नडातला हा शब्द त्यांच्या घरात तीनशे वर्षांत कधीतरी येऊन बसला होता. रघुनंदन बसून राहिला. हीच वेळ होती सांगायची. अक्का, ती चालत नाही. ती पाण्यासारखी झाली. तुझ्या आतले जंतू तिच्याशेजारी मजेत बसतात, मी आत्ता डोळ्यांनी पाहून आलो. सांगून तिचं काय काय काढून घेतल्यासारखं होईल, हे त्याला दिसत होतं. मल्लाप्पाचा घसा, मागच्या दारानं आलेली सून, फडताळातला तो डबा, दारात उजव्या हाताखाली डावा धरून उभी असलेली सगळी माणसं. माणसानं मरताना निदान आपण चार लोकांच्या उपयोगी पडलो एवढं तरी बरोबर न्यावं. तो उठून वॉर्डाच्या दाराशी गेला. प्राणेश तिथं नर्सशी बोलत होता. "ती गोळी मागतेय," रघुनंदन म्हणाला, "माझी." प्राणेशनं त्याच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. "दे," तो म्हणाला. "गिळवेल तर दे, अण्णा. आता काय व्हायचंय त्यानं."

बॅगेत पाकीट होतं. ते नसेल असं कधी झालंच नव्हतं. त्यानं चांदीचा कागद फोडला, गोळी काढली, आणि ती तोंडात घालायला वाकला तर अक्कानं मान वळवली. तसं नाही. सलाईन लावून सुजलेला उजवा हात तिनं मोठ्या कष्टानं उचलला आणि खाली डावा धरायचा प्रयत्न केला. तो वर येईना, तेव्हा रघुनंदननं आपला हात त्याखाली धरला आणि वरून गोळी सोडली. ती तिनं डोळ्यांना लावली. मग अंगठ्याच्या नखानं दाबायला लागली. हे काय चाललंय ते त्याला लवकर कळेना. नखात जोर नव्हता, गोळी निसटत होती, तिची नजर मात्र त्याच्यावर होती, मदत कर म्हणणारी. गोळीच्या मध्यावर रेघ असते. त्यानं तिच्या बोटांवर बोटं ठेवून दाबलं आणि गोळीचे दोन तुकडे झाले. "अर्धीनं होतं माझं," अक्का म्हणाली. "अर्धी तिला दे, गौरम्माला. उद्या एकादशी. उद्या मात्रे नाही की पाणी नाही. आजच दे." त्यानं अर्धी तिच्या जिभेवर ठेवली आणि चमच्यानं पाणी घातलं. थोडं गेलं, थोडं गालावरून उशीवर गेलं. गोळी गेली की तशीच गालात राहिली हे कळलं नाही. तिनं डोळे मिटले. दमली होती, पण तोंडावर समाधान होतं, दारातला शेवटचा माणूस वाटेला लावल्यावर असायचं तसं.

मग तो दुसऱ्या पलंगाकडे वळला. गौरम्मानं सगळं पाहिलं होतं. तिचा हात पुढं झालाच होता, उजवा वर आणि डावा खाली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती नुसती अक्काकडे पाहून शिकली होती. तापानं तिचे डोळे तकतकत होते. रघुनंदन अर्धी गोळी घेऊन उभा राहिला. प्राणेशनं सांगितलेल्या तीन पलंगांत हाही पलंग होता. द्यायला काही हरकत नव्हती, न द्यायलाही काही अर्थ नव्हता. आयुष्यभर त्यानं कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं, आणि आता ज्या बाईला नाही म्हणून काहीही वाचणार नव्हतं तिच्यासमोर त्याचा हात पुढं होईना. त्यानं मूठ मिटली. गौरम्माचे हात थोडा वेळ तसेच राहिले. आपल्याला समजलं नसेल असं वाटून तिनं ते आणखी थोडे पुढं केले. मग तिनं त्याच्या मुठीकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती काय समजली ते तिच्या चेहऱ्यावर अगदी सरळ वाचता आलं. हे मोठे लोक, सोवळ्यातले. औषध आपल्या माणसांसाठी. असलं काहीच नाही, बाई, हे त्याला तिच्या भाषेत उत्तम सांगता आलं असतं. तीच भाषा बोलून तो पोट भरत होता. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तिला अजून जगायची आशा होती.

"दिलीस?" मागून अक्कानं डोळे न उघडता विचारलं. "दिली," तो म्हणाला. अक्काचा विश्वास बसला नसावा, किंवा तिला तो शब्द ऐकायचाच असावा. कारण दुसऱ्या दिवशी लोक सांगायला येत, तेच तर तिचं देणं पुरं होणं होतं. तिनं डोळे उघडले आणि क्षीण आवाजात पलीकडे कन्नडात विचारलं, गौरम्मा, घेतलीस का गं? वॉर्डात कुणीतरी भांडं आपटलं. गौरम्मानं ओंजळ मोडली, हात पांघरुणावर पुसले, आणि रघुनंदनकडे न पाहता अक्काकडे पाहून म्हणाली, "तगोंडे, अक्का." घेतली. मग ती जड अंगानं भिंतीकडे वळली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"बघ आता," अक्का म्हणाली. "उद्या उठून बसेल ती." "सरी," रघुनंदन म्हणाला. बरं. मिटलेल्या मुठीत अर्धी गोळी घामानं विरघळायला लागली होती. दुसऱ्या हातानं त्यानं चमच्यात पाणी घेतलं आणि एकादशीच्या दिवशी ते आईच्या ओठांशी नेलं.